माहीत आहे, पन सांगत नाई

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि जयवंता नापास झाली. ही १९७९ सालची गोष्ट. आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात निकालानंतर पास झालेली मुलं पेढे घेऊन यायची आणि नापास झालेली कुठेतरी नाहीशी व्हायची. मुलगी असली तर ती बहुधा पुन्हा दिसायचीच नाही, पुढची बातमी यायची ती तिच्या लग्नाची. जयवंता मात्र दुसऱ्या दिवशी देवळीच्या नेहमीच्या बसने आली आणि प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर, जिथून सगळं कॉलेज ये-जा करायचं तिथेच, मधोमध बसली.

मी तिच्याच वर्गातली. वडील कचेरीत कारकून, घर गावातच. मी पास झाले होते आणि माझ्या हातात पेढ्यांचा डबा होता. डबा घेऊन तिच्यासमोरून कसं जावं ते मला कळेना. तिनेच हाक मारली.

"लीना, पेढा दे नं! का नापासाइले देत नसतेत?"

मी डबा पुढे केला. तिने दोन पेढे उचलले. मी विचारलं, "घरी काय म्हणाले?"

"बाबा म्हने, झालं शिक्षन, आता घरी बस. मी म्हटलं, नापास झालो, मेलो नाई. आनखी एकडाव बसतो परीक्षेले."

आमच्याकडे खेड्यातल्या बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. कॉलेजात शहरातली पोरं त्याला फिदीफिदी हसायची. जयवंता बोलायला लागली की मागून कुणीतरी 'मले, तुले' करायचंच. खेड्यातली बाकीची मुलं त्या हसण्याला इतकी भ्यायची की वर्गात तोंडच उघडायची नाहीत. त्यात सगळे तास इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली ही मुलं मागच्या बाकांवर गुपचूप बसायची, प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत मुकी व्हायची आणि मग निकालात गळायची. जयवंताला कुणी हसलं तर ती थांबायची, वळून त्याच्याकडे बघायची आणि तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने, म्हणायची.

तर त्या दिवशी ती पायऱ्यांवर बसली असताना चंद्रभान नावाचा आमच्या वर्गातला एक मुलगा तिच्या आजूबाजूला घुटमळायला लागला. हा आर्वीचा. वडील तिथल्या एसटी डेपोत मेकॅनिक. चंद्रभान खोली घेऊन वर्ध्यात राहायचा. शेवटी तो येऊन तिच्यापासून जरा लांब बसला आणि म्हणाला, "तू कशी काय आली वं इथं?"

"बसनं."

"तसं नाई. मी बी नापास आहो. घरी सांगतलं का निकाल राखून ठेवला म्हनून. आता घरी जावं तं जाववत नाई, न खोलीवर राहावं तं राहवत नाई. कधी कधी वाटते, निघून जावं कुठीतरी."

जयवंता त्याला काही सांगायला लागली नाही. 'असं करू नये', 'हिंमत धर' यातलं एकही वाक्य तिने काढलं नाही. ती विचारत गेली आणि तो बोलत गेला. दुपार झाली. मी पेढ्यांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन तिथेच बसले होते. शेवटी तिने विचारलं, "मंग आता काय करतं?"

"बाबाले सांगाच लागन."

"सांग. एकट्यानं होत नसन तं आमी येतो. पन बोलाचं तूच. मी नाई बोलत तुह्या बदल्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आर्वीच्या बसमध्ये बसलो. एका मुलाबरोबर दोन मुली, आणि त्याही परगावी. माझ्या घरी मी काय सांगून निघाले ते आता आठवत नाही, पण खरं सांगितलं नसणार. डेपोत चंद्रभानचे वडील एका बसखाली निजून काम करत होते. ते बाहेर आले, काळे झालेले हात चिंधीला पुसत उभे राहिले. चंद्रभान म्हणाला, "बाबा, मी नापास झालो."

"नापास झाला तं झाला," वडील म्हणाले, "पन खोटं काऊन बोलला बे? मी इथं लोकाइले सांगून राह्यलो का विद्यापीठानं घोळ केला!" त्यांनी हात उगारला. चंद्रभान जागचा हलला नाही. हात तसाच खाली आला. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"ह्या कोन?"

"मी बी नापास आहो काका," जयवंता म्हणाली. "ही पास आहे. पेढे वाटून राह्यली होती."

ते हसले नाहीत, पण आम्हाला कँटीनला घेऊन गेले आणि आलूबोंडे मागवले. खाता खाता बापलेकांचं बोलणं सुरू झालं. आम्ही दोघी दुसऱ्या टेबलावर सरकलो.

एकमेकांचं ऐकायला बसण्याची सुरुवात झाली ती अशी. कॉलेजच्या मागे पाण्याच्या जुन्या टाकीचा ओटा होता. खेड्यातल्या मुलांचे तास दुपारी संपायचे आणि गावाकडची बस असायची संध्याकाळी. मधला वेळ मुलं इकडेतिकडे काढायची. जयवंता आणि चंद्रभान त्या ओट्यावर बसायला लागले. मी जायचे. तळेगावकडची नलू म्हणून एक लाजाळू मुलगी यायला लागली. नंतर कुणी कुणी येऊ लागलं. ज्याला बोलायचं असेल त्याच्याबरोबर आमच्यातलं एक जण ओट्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसे. बाकीचे अलीकडे. तेव्हा 'समुपदेशन' हा शब्द आमच्यापैकी कुणीच वापरत नव्हतं. मुलं म्हणायची, "ओट्यावर जाऊन येतो."

एका मुलीच्या बाकावर रोज कुणीतरी घाणेरडं लिहून ठेवायचं. एका मुलाचं लग्न बारावीतच झालं होतं आणि बायको माहेरून येत नव्हती. एकाला वर्गात प्रश्न विचारला की दरदरून घाम फुटायचा. जयवंताचा नियम एकच होता आणि तो ती येणाऱ्याला आधी सांगायची: "इथलं इथंच. तू वर जाऊन ओरडून सांग, आमी नाई सांगत." आम्हालाही तोच नियम. नलूजवळ कोण काय बोललं ते मला माहीत नसायचं, आणि जयवंताजवळ काय काय जमा झालं होतं ते कुणालाच माहीत नसायचं.

त्या नियमालाही दुसरी बाजू होती, ती एका हिवाळ्यात कळली. वसतिगृहातला एक मुलगा आला. तो जेवत नव्हता, झोपत नव्हता, आणि जगायचं नाही असं अगदी शांतपणे बोलत होता. जयवंताने त्याला समोर बसवून सांगितलं, "हे मी पोटात ठेवनार नाई. तुह्या माघारी बी सांगनार नाई. तुह्यासमोर सांगतो. तू चाल माह्यासंगं." ती त्याला घेऊन सरळ बंडोपंत सरांच्या खोलीवर गेली. बंडोपंत आम्हाला नसले तरी कलाशाखेला मानसशास्त्र शिकवायचे. ओट्याबद्दल ते मोठे खूश नव्हते. "तुम्ही मुलं हे जे करता ते शास्त्र आहे," ते मागे एकदा म्हणाले होते, "तज्ज्ञांचं काम आहे."

"तज्ज्ञ कुठी बसतेत ते सांगा सर," ती तेव्हा म्हणाली होती. "मी पाठवतो."

त्या दिवशी बंडोपंतांनी वाद घातला नाही. मुलाचं ऐकलं, चप्पल पायात घातली आणि रिक्षा बोलावली. सेवाग्रामच्या दवाखान्यात त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. त्या मुलाला तिथे ठेवून घेतलं, त्याच्या घरच्यांना बोलावलं. वर्ष गेलं त्याचं, पण तो परत आला. तेव्हापासून बंडोपंत ओट्याजवळून जाताना मान हलवून जायचे. तज्ज्ञांबद्दलचं मत त्यांनी बदललं नव्हतं, पण कुणाला कुठे पाठवायचं हे मुलं त्यांना विचारायला लागली होती आणि ते सांगत होते.

मग रुख्मिणीचं झालं.

रुख्मिणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे काका अण्णाजी आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर. घरात त्यांचाच शब्द चालायचा, रुख्मिणीचे वडीलही त्यांच्यापुढे बोलत नसत. त्यांनी तिचं लग्न अमरावतीकडच्या एका बिजवराशी ठरवलं. ती नाही म्हणाली. तिचं कॉलेज बंद केलं. त्याआधी दोन-तीनदा ती ओट्यावर येऊन जयवंताजवळ बसलेली सगळ्यांनी पाहिली होती. आणि एक दिवस रुख्मिणी घरातून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई माझ्या वर्गात आला. प्राचार्यांनी जयवंताला बोलावलं होतं, आणि तिच्याबरोबर मलाही, कारण आम्ही दोघी एकत्र दिसायचो. प्राचार्यांना आम्ही पाठीमागे नुसतं हरिभाऊ म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण संस्थेचं नाव निघालं की त्यांच्या आवाजात फरक पडायचा. खोलीत अण्णाजी बसले होते, पांढरं धोतर, काळी टोपी. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही.

हरिभाऊंनी आधी मला विचारलं. मला काहीच माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. मग ते जयवंताकडे वळले.

"रुख्मिणी कुठे आहे?"

मला वाटलं होतं, तीही 'माहीत नाही' म्हणेल. एवढ्यावर सुटली असती. कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. जयवंता म्हणाली, "मले माहीत आहे. पन सांगत नाई."

अण्णाजींनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

"ती सुखरूप आहे एवढं सांगतो," जयवंता पुढे म्हणाली. "तिच्या आईले काई निरोप द्याचा असन तं द्या. मी पोहोचवतो. तिचा निरोप आनून बी देतो."

"निरोप?" अण्णाजी म्हणाले. "पोरगी आमची आणि निरोप्या तू? सर, ह्या पोरीनं फूस लावून नेलं तिले. पोलिसात देतो मी इले."

"द्या नं," जयवंता म्हणाली. "रुख्मिणीले एकोनीस पूर्न झाले. ते तिच्या पायानं गेली. पोलिसाइले मी हेच सांगन."

हरिभाऊ खुर्चीतून उठले. "जयवंता, तू कॉलेजची विद्यार्थिनी आहेस. प्राचार्य विचारतात तेव्हा उत्तर द्यावं लागतं. नाहीतर दाखला घेऊन घरी जा."

"उत्तर देल्लं सर. तुमाले पाहिजे ते नाई, एवढंच."

"कुणाचं काय ऐकता, काय लपवता, काही धरबंध आहे की नाही?"

"कोनी भरवशानं बोललं, न ते मी ह्या खोलीत सांगतलं, तं उद्या ओट्यावर कोन येईन?" ती म्हणाली. "आजपासून कोनाले कोनाजवळ बोलताच येनार नाई सर. दाखला द्या."

मी तिचा कोपर ओढत होते. तिने माझा हात बाजूला केला.

तिच्या वडिलांना निरोप गेला. नत्थूजी दुसऱ्याच दिवशी आले. उंच, वाळलेला माणूस, खांद्यावर दुपट्टा. घरची थोडी जमीन, चार पोरींत ही धाकटी, आणि आख्ख्या गावात कॉलेजात गेलेली ही पहिलीच. त्यांनी बाहेर व्हरांड्यात लेकीला विचारलं, "तुले ठाऊक आहे?"

"हो."

"मंग सांगत काऊन नाईस?"

"ते माह्यं नाई बाबा. तिचं आहे. मी कसं सांगू?"

नत्थूजींचा चेहरा कसनुसा झाला. अण्णाजींसारख्या माणसाशी वैर करून त्यांचं चालणार नव्हतं. आणि मुळात त्यांना हे पटलंही नव्हतं. दुसऱ्याची पोर पळाली आणि आपली पोर त्यात, एवढंच त्यांना दिसत होतं. ते आत गेले, दाखल्याच्या अर्जावर सही केली आणि जयवंताला घेऊन फाटकाबाहेर पडले. ती मुलांच्या घोळक्यातून मान ताठ ठेवून गेली. अण्णाजी जिन्यात उभे होते. त्यांच्यासमोरून जाताना ती थांबली आणि म्हणाली, "काकाजी, रुख्मिणीच्या आईले सांगा, ते जेवते, झोपते. काळजी करू नोको म्हना." नत्थूजींनी तिला दंडाला धरून पुढे नेलं.

रुख्मिणी सेलूला विमलाबाईंकडे होती. विमलाबाई शाळेत तिला शिकवायच्या, आता निवृत्त होऊन एकट्या राहायच्या. हे मला पुष्कळ नंतर कळलं, खुद्द रुख्मिणीकडून. जयवंताचं कॉलेज सुटलं हे ऐकून रुख्मिणी रडायला लागली, म्हणाली, मी परत जाते, सांगते सगळं. विमलाबाई तो निरोप घेऊन स्वतः जयवंताच्या गावी गेल्या. जयवंता शेतात कापूस वेचत होती. तिने कापूस टाकायला कमरेला बांधलेली ओटी सोडली नाही, वेचता वेचताच बोलली.

"येऊ नोको म्हना तिले. ते तिथं राह्यली तं माह्यं कॉलेज सुटलं ते कामी तं आलं. ते आली तं माह्यं बी गेलं न तिचं बी गेलं. पेपराचा अभ्यास कर म्हना."

मग तिने विमलाबाईंना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसवून पाणी दिलं.

तो सगळा हंगाम जयवंता शेतात होती. घरात वडील तिच्याशी बोलत नव्हते. तिला बघायला एक-दोन स्थळं आली, पण देवळीपर्यंत बोभाटा झालेला होता, ती आल्या पावली परत गेली. एकदा नलू आणि मी तिला भेटायला गेलो. त्या दिवशी ती बोलली. एरवी सगळ्यांचं ऐकणारी ती, पण तिचं कुणी ऐकलंय असं आम्हाला वाटत नव्हतं. नलूने काही समजावलं नाही. आम्ही ओट्यावर बसायचो तशी ती तिच्याजवळ बसून राहिली. जयवंता म्हणाली, तिला रात्रंदिवस कॉलेज दिसतं. प्रॅक्टिकलमधल्या काचेच्या नळ्या दिसतात. आपण चुकलो की काय असं वाटत नाही, पण राग येतो, आणि तो राग कुणावर काढावा ते कळत नाही. ती खूप रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "ओट्यावर कोन बसते आता?"

ओटा बंद झाला होता. हरिभाऊंनी तिथे बसायला मनाई केली होती आणि शिपाई दुपारी फेरी मारायचा. चंद्रभान दोनदा बसला, दोनदा त्याला दंड झाला.

"फाटकाबाहेर पुलिया आहे नं," जयवंता म्हणाली.

फाटकासमोरच्या रस्त्याखालून एक नाला जायचा, त्यावर पूल होता. दोन्ही बाजूंना बसण्याजोगे कठडे. पुढच्या सोमवारी जयवंता देवळीच्या बसने वर्ध्याला आली. घरातून निघताना नत्थूजींनी विचारलं होतं, "कुठी?"

"वर्ध्याले."

"कॉलेजात नाव नाई तुह्यं."

"रस्त्यावर तं बसता येते."

ती पुलियावर येऊन बसली. पहिल्या दिवशी आम्ही तिघंच होतो, मी, नलू आणि चंद्रभान. शिपाई फाटकातून बघत राहिला. थोड्या वेळाने हरिभाऊ स्वतः आले. "इथे बसायचं नाही," ते म्हणाले.

जयवंता उभी राहिली, कारण ते सर होते. "सर, कॉलेज तुमचं. रस्ता बांधकाम खात्याचा आहे. ते म्हनतीन तं उठतो."

हरिभाऊ वळून आत गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलं यायला लागली. उलट आधीपेक्षा जास्त आली, कारण 'सांगत नाई' ही गोष्ट आता वसतिगृहापासून बस स्टँडपर्यंत सगळ्यांना माहीत झाली होती. प्राचार्यांसमोर जिने सांगितलं नाही ती आपलं कुणाला काय सांगणार? अण्णाजींनी तिला कॉलेजातून काढायला लावलं आणि त्यामुळेच मुलांचा तिच्यावरचा भरवसा पक्का झाला. कठड्यावर बसलेल्या मुलामुलींवरून जाणारे-येणारे काहीबाही बोलायचे. जयवंताबद्दल काय काय बोललं गेलं ते मी लिहीत नाही. ती एखाद्याला थांबवून म्हणायची, "भाऊ, तुमचं पोट्टं बी ह्याच कॉलेजात आहे नं? त्याले सांगजा, पुलियावर जागा असते."

तिचं पुढचं असं झालं. विज्ञान सोडून तिने बी.ए.चा अर्ज बाहेरून भरला आणि पास झाली. त्याच सुमारास टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. ड्यूटी आळीपाळीची होती. दुपारी मोकळी असली की ती पुलियावर. आमच्या घरामागची खोली तिने भाड्याने घेतली. अमरावतीच्या त्या बिजवराने वाट पाहून दुसरीकडे लग्न केलं. रुख्मिणीने सेलूला राहूनच परीक्षा दिली, पुढे बी.एड. केलं, शाळेत लागली. तिची आई लपूनछपून तिला भेटायला जायची. अण्णाजींनी मात्र तिचं नाव शेवटपर्यंत काढलं नाही, आणि जयवंतालाही कुणी कधी 'चुकलं आमचं' म्हणून सांगितलं नाही.

हरिभाऊ निवृत्त झाले. नवे प्राचार्य आले ते शिकलेले, उत्साही. १९८५ साली त्यांनी जाहीर केलं की विद्यार्थ्यांच्या अडचणी विद्यार्थ्यांनीच ऐकाव्या यासाठी कॉलेज एक खोली देणार, बंडोपंत सर तिचे प्रमुख. पुलियावर तेव्हा शरयू नावाची एक मुलगी पुढाकार घ्यायची. तिला आणि जयवंताला बोलावणं आलं. मी बँकेतून अर्धी सुटी घेऊन गेले. आम्हाला सगळ्यांना आनंद झाला होता. खोलीला पंखा होता, सतरंजी घातलेली होती, पाण्याचा माठही होता.

चहा झाला. मग प्राचार्य म्हणाले, "फक्त एक करा. कोण येतं, कशासाठी येतं, ते महिन्याच्या शेवटी मला सांगत चला. नुसतं तोंडी. म्हणजे कॉलेजला काळजी घेता येईल."

शरयूने जयवंताकडे पाहिलं. जयवंता म्हणाली, "माह्याकडे काऊन पाह्यतं? मी इथली विद्यार्थिनी नोहो. तुह्यं तू बोल."

शरयू विशीचीसुद्धा नव्हती. ती म्हणाली, "सर, मग खोली नको."

"अगं, पंखा आहे, सावली आहे..."

"आम्हाला उन्हाची सवय आहे सर."

बंडोपंत सर इतका वेळ चहाच्या कपात बघत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "सर," ते प्राचार्यांना म्हणाले, "खोलीचा प्रमुख मी आहे ना? मग मलाही काही सांगायची गरज नाही. जिवाला धोका असेल तेव्हा ही मुलं माझ्याकडे येतात. आजवर आलेली आहेत. बाकीचं त्यांचं." आणि मग, "नसेल जमत तर मीही पुलियावर बसेन. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत."

प्राचार्य हसले, पण नाइलाजानेच. अट गेली. खोली सुरू झाली. जयवंता तिथे ऐकायला बसणाऱ्या नव्या मुलांना शिकवायला यायची. शिकवायची म्हणजे काय, तर त्यांना जोडीजोडीने समोरासमोर बसवायची आणि म्हणायची, एकानं बोला, दुसऱ्यानं गप बसा. मुलांना ते भलतं जड जायचं. मधेच कुणी सल्ला दिला की ती टाळी वाजवायची.

नत्थूजी या सगळ्या काळात तिच्या खोलीवर एकदाही आले नव्हते. ती सणाला गावी जायची, जेवायची, यायची. बापलेकींचं बोलणं ढोरंवासरं आणि पीकपाण्यापुरतं. मग एका रविवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत असताना ते फाटकाशी दिसले. बरोबर त्यांच्या शेजारच्या शकुबाईची मुलगी कोकिळा. ती देवळीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. परीक्षेपासून ती बोलेनाशी झाली होती, ताटावरून उठून जायची. देवऋषी झाला, डॉक्टर झाला, औषधं झाली.

जयवंता बाहेर आली. नत्थूजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "शकुबाई म्हने, जयवंताकडे ने. म्हनून आनली."

"बसा बाबा. ये वं कोकिळा, आत ये."

कोकिळा आत गेली. तिच्यामागे नत्थूजीही उंबरठा ओलांडायला निघाले. जयवंता दारात उभी राहिली.

"तुमी बाहेर बसा."

"मी?" नत्थूजी म्हणाले. "मी आनलं तिले. तिच्या मायनं माह्या हवाली केली."

"म्हनूनच. बाहेर बसा बाबा."

नत्थूजींच्या कपाळावरची शीर उठून दिसत होती. पण जयवंता दारातून हलली नाही, आणि आवाजही चढवला नाही. ते वळले आणि अंगणातल्या खाटेवर जाऊन बसले. मी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला.

"काय बोलून राह्यल्या असतीन?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत काका."

"तुले बी सांगत नाई?"

"नाही."

उन्हं अंगणात पार आत आली तेव्हा दार उघडलं. कोकिळाचे डोळे सुजले होते. नत्थूजी खाटेवरून उठले आणि लेकीला म्हणाले, "काय म्हने?"

"तिलेच विचारा. तिले वाटलं तं सांगन."

नत्थूजींनी कोकिळाकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "काका," ती म्हणाली, "भूक लागली."

आम्ही सगळे जेवलो. कोकिळाने दीड भाकर खाल्ली. दुपारच्या बसला निघताना नत्थूजींनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला, फाटकापर्यंत गेले आणि तिथून वळून जयवंताला म्हणाले, "येत्या इतवारी आनतो इले." मग, कुरकुरल्यासारखं, "मी बाहेर बसीन."